चढताना तिसरा सिलिंडर तापतोय : घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन थंड कसं ठेवायचं?

आकाशदिवा (डॅलस)

नमस्कार मंडळी. आरव्ही-९ए हे किटमधलं छोटं विमान बांधून झालं, कागदपत्रं झाली, आता चाचणी उड्डाणांचा टप्पा चालू आहे. विमान हातात एकदम हलकं आहे, सरळ उडतं, कुठल्या बाजूला ओढत नाही. अडचण फक्त तापमानाची. इथे आपल्यापैकी बरेच जण विमानांवर काम करणारे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं, कार्ब्युरेटरवालं, साधे दोन मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे), फिक्स्ड पिच प्रॉपेलर. इथे सध्या दुपारी ३६-३७ अंश सेल्सियस असतं, म्हणून मी सकाळीच उडतो. तरी टेक-ऑफनंतर ८५ नॉट्सने चढताना २,५०० फुटांवर पोहोचेपर्यंत तिसऱ्या सिलिंडरचं हेड ४४० फॅरनहाइटला (२२७ अंश सेल्सियस) जातं. बाकीचे तीन ४०० च्या आसपास, त्यात चौथा जरा वर. तेल २२५ फॅरनहाइट, म्हणजे १०७ सेल्सियस. मग मी नाक खाली करतो, थ्रॉटल थोडा मागे घेतो आणि काटे उतरायला लागतात. सरळ उड्डाणात तिसरा ४०५ ला थांबतो, बाकीचे ३७० ला.

इंजिन ओव्हरहॉल केलेलं आहे, सिलिंडर नवे. पण ब्रेक-इनचा काळ संपला आहे, तेलाचा खप स्थिर झाला आहे, त्यामुळे 'नवीन रिंगा घासतायत म्हणून तापतंय' हे कारण आता उरलं नाही. किट मी अर्धवट अवस्थेत दुसऱ्या एकाकडून घेतलं होतं. इंजिनभोवतीचे बॅफल म्हणजे हवा वळवणारे पत्रे त्यानेच बसवले होते.

हँगरमधले शेजारी म्हणतात, खालच्या काउलिंगला, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाला, जाळीच्या झडपा काप, हवा बाहेर जायला जागा कर. फायबरग्लास एकदा कापला की कापला, म्हणून आधी इथे विचारतो. सुरुवात कुठून करू?

ओझरकर

अभिनंदन! फोटो टाका विमानाचे.

मी हवाई दलात दीपक, म्हणजे एचपीटी-३२ या शिकाऊ विमानांवर होतो. त्यातही लायकमिंगच, फक्त सहा सिलिंडरचं ५४०. तेव्हापासूनची माझी सवय अशी की तापमानाची तक्रार आली की आधी काट्याची उलटतपासणी घ्यायची, मग इंजिनाची.

तिसऱ्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, काढून पहिल्यात घाला, पहिल्याचा तिसऱ्यात. एक उड्डाण करा. जास्तीचा आकडा प्रोबबरोबर पहिल्यात गेला तर प्रोब किंवा त्याची वायर दोषी. आकडा तिसऱ्यातच राहिला तर सिलिंडर खरोखर तापतोय. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे कित्येक दिवस वाचवतं.

वायरकडेही बघा. सिलिंडर हेडचे थर्मोकपल बहुतेक जे-प्रकारचे असतात, म्हणजे एक तार लोखंडाची, दुसरी कॉन्स्टंटनची. त्यांची वायर मीटरपर्यंत त्याच धातूंची असावी लागते. मध्येच कोणी साधी तांब्याची वायर जोडली असेल तर तो जोड स्वतःच एक थर्मोकपल होऊन बसतो आणि फायरवॉलजवळ (इंजिनामागची भिंत) किती गरम आहे त्यावर आकडा हलतो. स्पार्क प्लगखाली बसणारा रिंगवाला प्रोब असेल तर तेही कळवा, कारण तो आणि हेडमधल्या भोकात बसणारा प्रोब कधीच सारखं दाखवत नाहीत. चारपैकी एकाच सिलिंडरला रिंगवाला लावलेला असतो, कारण मूळ मीटरचा प्रोब त्या भोकात असतो, हे मी पाहिलं आहे.

प्रोब उकळत्या पाण्यात धरून बघा. डॅलसला २१२ फॅरनहाइटच्या जवळ यायला हवं. आमच्याकडे उंचीमुळे ९८ सेल्सियसलाच पाणी उकळतं.

कोथरूडकर

मी विमान क्षेत्रातला नाही, पण वाचतोय आणि फार आवडतंय. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं विमान २०१६ साली बीकेसीच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहिलं होतं, तेव्हापासून या विषयाची ओढ आहे.

दोन बाळबोध प्रश्न. ४४० फॅरनहाइट म्हणजे धोका आहे की नुसती काळजी? आणि मोटारीसारखा रेडिएटर का लावत नाहीत?

आकाशदिवा (डॅलस)

बाळबोध अजिबात नाहीत. पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसऱ्याचं कोणी रोटॅक्सवाला (पाण्याने थंड होणारं इंजिन वापरणारा) देईल.

या इंजिनाची लाल रेघ ५०० फॅरनहाइटला, म्हणजे २६० सेल्सियसला आहे. पण कंपनी स्वतःच सांगते की इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर जोरदार क्रूझमध्ये ४३५ च्या खाली आणि सावकाश क्रूझमध्ये ४०० च्या खाली ठेवा. त्यामुळे 'अजून ६० अंश शिल्लक आहेत' असं समजून उडत राहणं मला पटत नाही.

ओझरकर

बरोबर. हेड ॲल्युमिनियम मिश्रधातूचं असतं. २०० सेल्सियसच्या वर गेलं की त्याची ताकद भराभर उतरते. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते तिथे तेल जळून कार्बन धरतो आणि एखाद्या सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर व्हॉल्व्ह अडकतो. सिलिंडर रोज ४४० ला नेलात तर उद्या काही होणार नाही. पण त्याचं आयुष्य कमी होणार, आणि ते कोणत्या उड्डाणात संपेल हे तुमच्या हातात राहणार नाही.

हायडेलबर्गी

रेडिएटर लावतात की! ऑस्ट्रियात गुन्सकिर्शनला बनणारं रोटॅक्स ९१२ हे आज जगभरच्या छोट्या घरगुती विमानांतलं अगदी नेहमीचं इंजिन. त्याची हेडं पाण्याने थंड होतात, सिलिंडरचा खालचा भाग मात्र हवेनेच. माझ्या विमानात तेच आहे. सोय अशी की चारही हेडं साधारण सारखी राहतात, आकाशदिवांसारखा एकटा सिलिंडर फटकून वागत नाही. गैरसोय अशी की नळ्या, पंप, झाकण, रेडिएटर हे सगळं वजन आणि गळण्याच्या जागा. पाणी गेलं तर मग फार वेळ मिळत नाही. आणि पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला तर तो खोटा धीर देऊ शकतो, हे प्रत्येक रोटॅक्सवाल्याने लक्षात ठेवावं.

यात तापण्याच्या तक्रारी बहुतेक तेलाच्या असतात. तेल टाकीतून निघून कूलरमधून जातं आणि मग पंपाकडे ओढलं जातं, म्हणजे कूलर ओढणाऱ्या बाजूला आहे. कोणी तिथे बारीक नळी किंवा फार वळणांची जोडणी वापरली की तेल गरम असताना ठीक चालतं, पण थंडीत घट्ट तेल ओढताना दाब कमी पडतो. तेव्हा 'मोठा कूलर लावू' म्हणून धावण्याआधी नळीचा आतला व्यास आणि हवा अडकली आहे का ते बघायचं. तेलाला रोज एकदा तरी १०० सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं असतं, नाहीतर आतलं पाणी वाफ होऊन निघत नाही. इथल्या हिवाळ्यात कूलरवर टेप लावून अर्धा झाकावा लागतो, म्हणजे आमची लढाई उलटी!

सुमेधा (सिॲटल)

ओझरकर काकांनी सांगितलेली काट्याची तपासणी आधी कराच. ती झाली असं धरून पुढचं लिहिते.

तापमान जास्त आहे याचे दोनच अर्थ: इंजिन नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय, किंवा तयार झालेली उष्णता नेली जात नाही. दोन्ही एकदम दुरुस्त करायला गेलात तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

जास्त उष्णता तयार होण्याची नेहमीची कारणं तीन. मॅग्नेटोचं टायमिंग पुढे गेलेलं असणं. तुमच्या इंजिनाच्या पाटीवर जे अंश लिहिले आहेत तेच हवेत, हे टायमिंग लाइट लावून स्वतः बघा, कोणाच्या नोंदीवर विसंबू नका. दुसरं, पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ असणं. फ्युएल फ्लो मीटर असेल तर टेक-ऑफचा आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आलेखाशी ताडून बघा. कमी असेल तर कार्ब्युरेटरचा जेट बघावा लागेल. तिसरं, इनटेक पाइपाच्या गॅस्केटमधून हवा शिरणं. ही ओळखायची खूण सोपी आहे: थ्रॉटल कमी असताना आतली ओढ जास्त असते, म्हणून त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट इतरांपेक्षा वेगळा दिसतो, आणि पूर्ण थ्रॉटलला तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा तिसरा सगळ्यात जास्त पूर्ण थ्रॉटललाच तापतोय, त्यामुळे मला ही शंका कमी वाटते. पण बघून घ्या.

आता उष्णता नेण्याची बाजू, जिथे माझ्या मते तुमचं उत्तर आहे. समोरच्या दोन तोंडांतून आलेली हवा इंजिनाच्या वरच्या कप्प्यात साठते, तिथे दाब वाढतो. खालच्या कप्प्यात दाब कमी. या फरकामुळे हवा फिन्सच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पात्यांच्या, फटींतून खाली ढकलली जाते. सिलिंडर थंड करतो तो हा दाबातला फरक. नुसती 'हवा येते' म्हणून काही होत नाही. ती फिन्समधूनच गेली पाहिजे.

हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समुद्रसपाटीला ८० नॉट्सला पुढून मिळणारा एकूण दाब पाण्याच्या ४.२ इंच उंच स्तंभाएवढा, १०० नॉट्सला ६.५ इंच. वेग पावपट वाढवला की दाब दीडपटीच्या वर जातो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही ८५ ऐवजी १०० ने चढा. चढाईचा दर थोडा कमी होईल, तापमान लक्षात येण्याइतकं उतरेल.

आणि मोजा. जुना एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे वेग दाखवणारा मीटर, मिळवा. विमानातला काढू नका, वेगळा घ्या. हे यंत्र मुळात दोन दाबांतला फरकच मोजतं. त्याच्या पिटो (जास्त दाबाच्या) तोंडाला वरच्या कप्प्यातली नळी जोडा, स्टॅटिक (कमी दाबाच्या) तोंडाला खालच्या कप्प्यातली. कप्प्यातल्या टोकाला नळी बंद करून तिच्या कडेने बारीक भोकं पाडा, म्हणजे वाहत्या हवेचा झोत थेट आत शिरून आकडा बिघडवणार नाही. सुईवर जे नॉट्स दिसतील तो तुमचा थंड करणारा दाब. उड्डाणात त्याकडे बघत बसू नका, फोन लावून व्हिडिओ घ्या आणि खाली येऊन वाचा.

नाना_ह्यूस्टन

सुमेधा, सगळं मान्य. पण टेक्सासच्या उन्हात मी जी विमानं बघितली त्यांतल्या बऱ्याचशा विमानांचं दुखणं बाहेर पडणाऱ्या वाटेत होतं. आत येणारी तोंडं सगळे मोठी करतात आणि बाहेर जायची फट तेवढीच ठेवतात. लोकलच्या दारात उतरणारे अडकले की चढणारेही फलाटावरच राहतात, तसं होतं. त्यात एक्झॉस्टचे दोन पाइप त्याच फटीतून बाहेर येतात आणि जागा खातात. माझ्या स्वतःच्या विमानात खालच्या काउलिंगला झडपा केल्यावर तेल आणि हेडं दोन्ही उतरली. शेजाऱ्यांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही.

सुमेधा (सिॲटल)

नाना, टाकाऊ नाहीच. फक्त क्रम उलटा आहे असं माझं म्हणणं. खालच्या कप्प्यात दाब जास्त दिसला तर त्याची दोन कारणं असू शकतात. बाहेरची वाट अपुरी आहे, किंवा वरून फिन्सना वगळून भलतीकडून हवा गळून खाली येते आहे आणि तीच बाहेरची वाट भरून टाकते आहे. दुसऱ्या परिस्थितीत झडपा कापल्या तरी तापमान थोडं उतरतं, म्हणून वाटतं उत्तर मिळालं. पण आता ती गळती कायमची राहते, वर विमानाचा वेगही जातो, कारण वाया जाणारी सगळी हवा म्हणजे ड्रॅग, विमानाला मागे ओढणारा विरोध. आधी गळती बुजवायची, मग मोजायचं. तरीही खालचा दाब चढा राहिला तर नानांचं ऐकून कापायचं. तेव्हा मी विरोध करणार नाही.

पर्थवासी

इथे ऑस्ट्रेलियात जबिरू इंजिनं खूप. बुंडाबर्गला बनतात, पूर्ण हवेवर थंड होणारी, आणि लायकमिंगपेक्षा त्यांच्या हेडची मर्यादा बरीच खाली, त्यामुळे आम्ही सगळे या विषयात मुरलेले. त्यात अख्खं काउलिंग भरण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर फायबरग्लासची एकेक पेटी बसवतात आणि तिच्या तोंडातून हवा थेट हेडांवर जाते. गळती कमी, पण आतली हवा शेवटच्या सिलिंडरकडेच धावते. म्हणून आत छोट्या आडव्या पट्ट्या लावून पुढच्यांना त्यांचा वाटा द्यावा लागतो. एकेक पट्टी, एकेक उड्डाण.

बाहेरच्या वाटेबद्दल नानांना माझा पाठिंबा, पण कापण्याआधी एक करता येतं. खालच्या काउलिंगच्या मागच्या कडेला खाली वळलेला ओठ लावायचा, ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, तात्पुरता. बाहेरून जाणारी हवा त्यावरून उडताना मागे कमी दाब तयार करते आणि आतली हवा ओढून घेते. नाही जमलं तर पट्टी काढून टाकायची, काउलिंग शाबूत.

आकाशदिवा (डॅलस)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मार्गदर्शन आपल्या भाषेत मिळेल असं वाटलं नव्हतं. तपासण्यांचा अहवाल:

प्रोब अदलाबदल केले. जास्तीचा आकडा तिसऱ्यातच राहिला. चारही प्रोब हेडच्या भोकातलेच आहेत, वायर अखंड जे-प्रकारची. टायमिंग बरोबर. फ्युएल फ्लो आलेखाला धरून. इनटेकच्या रबरी जोडण्या आणि गॅस्केट बघितली, कुठे पेट्रोलचा निळसर डाग नाही, एक्झॉस्टचे आकडे आयडलला एकमेकांच्या जवळ. म्हणजे सुमेधाताई म्हणतात तसं उष्णता नेण्याच्याच बाजूला आलो.

मग जुना एअरस्पीड इंडिकेटर जोडला. ८५ नॉट्सने चढताना वरच्या आणि खालच्या कप्प्यातला फरक ६२ नॉट्स. नळ्या बदलून वेगवेगळंही मोजलं: बाहेरच्या हवेच्या स्थिर दाबाच्या (स्टॅटिकच्या) तुलनेत वरचा कप्पा ७४, खालचा ४०. हे वाईट आहे का?

सुमेधा (सिॲटल)

व्वा, तिन्ही आकडे घेतलेत हे फार छान केलं. नॉट्सचा वर्ग केला की दाब मिळतो. ७४ चा वर्ग वजा ४० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६२. म्हणजे तुमचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, मोजणी विश्वासाची आहे.

८५ ला पुढून १०० टक्के दाब उपलब्ध आहे असं धरा. वरच्या कप्प्यात त्यातला ७६ टक्के पोहोचतोय. खाली २२ टक्के अडकून पडलाय. सिलिंडरांच्या वाट्याला उरतात ५३ ते ५४ टक्के, पाण्याच्या भाषेत अडीच इंच. हे कमीच आहे. वरचा आकडाही वाढू शकतो आणि खालचा तर उतरायलाच हवा. दोन्ही एकाच वेळी बिघडलेले दिसतात तेव्हा गळतीचा संशय सगळ्यात दाट.

ओझरकर

आता गळती शोधायची आमची पद्धत. संध्याकाळी हँगरचे दिवे घालवा. काउलिंग बसवलेलं असू द्या, खालच्या बाजूने आत दिवा सोडा आणि पुढच्या तोंडांतून वरच्या कप्प्यात बघा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. फिन्समधून दिसणारा उजेड चालतो, बाकी कुठलाच नाही.

मग काउलिंग काढून त्याच्या आतल्या बाजूला रबरी सील कुठे घासलाय त्याची रेघ बघा. रेघ सलग हवी. तुटक असेल तर तिथे सील उलटा पडतोय. सीलची घडी नेहमी पुढे, आतल्या बाजूला झुकलेली हवी, म्हणजे दाब आला की तो काउलिंगवर आणखी घट्ट बसतो. मागे झुकलेला सील जमिनीवर अगदी नीट दिसतो आणि हवेत गेल्यावर उलटतो.

दोन जागा लोक विसरतात. एक, पुढची तोंडं आणि इंजिन यांच्यामधला उतार, फ्लायव्हीलच्या मागे. दुसरी, सिलिंडरांच्या खाली दोन सिलिंडरांच्या मधोमध बसणारा वाकवलेला पत्रा. तो तारेने ओढून फिन्सना घट्ट चिकटलेला हवा. बोटाने हलला तर हवा फिन्सला न शिवता सरळ खाली जाते. इंजिनाच्या बाजूने हे दिसतच नाही, खाली पडून बघावं लागतं.

आणि तिसऱ्याच्या मागच्या पत्र्याकडे खास बघा. या हेडच्या त्या बाजूला फिन्स ओतकामातच फार उथळ आहेत. पत्रा त्यावर सपाट टेकला की हवेला खाली जायला वाटच राहत नाही. दुसऱ्या सिलिंडरच्या पुढच्या बाजूलाही तीच रचना आहे, पण तो पुढे असल्याने निभावतो.

आकाशदिवा (डॅलस)

काका, तुम्ही इथे येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंय!

उजेड तीन ठिकाणी दिसला. उजव्या तोंडामागच्या उतारावर सीलची घडी मागच्या बाजूला होती. काउलिंगच्या आत त्या भागात घासल्याची रेघच नाही. क्रँककेसच्या पुढे, प्रॉपेलरच्या मागे बोट जाईल एवढी फट. आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात, तेलाच्या कूलरपाशी, पत्र्याच्या जोडातून. तिथे पत्र्याला केसाएवढी चीरही सापडली, कूलरच्या वजनाने कंप पावून पडलेली. चिरेच्या टोकाला भोक पाडून थांबवली, आतून जाड पट्टी रिव्हेट केली.

तिसऱ्याच्या मागे तर पत्रा अक्षरशः हेडला चिकटलेला. खालून दिवा धरला तर इतर सिलिंडरांच्या फिन्समधून उजेडाच्या सरळ रेघा दिसत होत्या आणि तिथे निव्वळ काळोख. शिवाय वरच्या प्लगजवळच्या दोन-तीन फटींत ओतकामाचा पातळ पापुद्रा तसाच राहिलेला.

आधी फक्त गळती बंद केली. नवे सिलिकॉन सील, सगळे आत झुकवून. फटींना तापमान सोसणारं लाल आरटीव्ही, म्हणजे फटी बुजवायचं सिलिकॉन. तिसऱ्याला हात लावला नाही. परत उडालो, तोच वेग, तेवढीच सकाळ: फरक ६२ वरून ७० नॉट्स. वर ७६, खाली ३० च्या जरा आत. चढताना पहिला ३८५, दुसरा ३९०, चौथा ४००, तिसरा ४१५. तेल २१५.

मग तिसऱ्याच्या मागे पत्रा आणि हेड यांच्यामध्ये बोल्टवर वॉशर टाकून फट केली, कडा आरटीव्हीने बंद केल्या म्हणजे हवा फक्त त्या फटीतून खालीच जाईल. पापुद्रा कानशीने आणि बारीक ड्रिल बिट हातात फिरवून काढला. आता तिसरा ३९५. चारही एकमेकांपासून १५ अंशांच्या आत आहेत.

कोथरूडकर

एका वॉशरने २० अंश! आणि फायबरग्लासला करवत लागलीच नाही. वाचताना टाळ्या वाजवल्या.

नाना_ह्यूस्टन

मस्त काम केलंत. सुमेधा, क्रमाबद्दलचं तुझं म्हणणं मानतो; गळती बुजवल्यावर खालचा दाब ४० वरून ३० ला आला, त्याअर्थी ती हवा वरूनच येत होती. पण ३० उरलेच आहेत. वर्ग केला तर १२ टक्के. ऑगस्टच्या दुपारी दोन माणसं, टाक्या भरलेल्या, असं उडाल तेव्हा परत बघा. मला वाटतं पर्थवासींची ओठाची पट्टी तेव्हा लागेल.

सुमेधा (सिॲटल)

हो, आणि तेव्हा मी नानांच्या बाजूने असेन. बाहेरच्या हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की हेडचंही साधारण तेवढंच वर जातं. तुमची सकाळ २६-२७ सेल्सियसची असेल तर दुपारच्या ३७ ला सगळ्या आकड्यांत १० सेल्सियस, म्हणजे १८ फॅरनहाइट मिळवून ठेवा. तिसरा ४१५ च्या आसपास जाईल. चालण्यासारखं आहे, पण १०० नॉट्सने चढायची सवय मोडू नका.

एक दुरुस्ती अजून बाकी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरसमोर उभे छोटे पत्रे असतील, पुढच्यांवर थेट झोत येऊ नये म्हणून. ते थोडे थोडे कापून पुढच्या-मागच्यांमधलं तापमान जुळवता येतं. सध्या चारही जवळ आहेत, तर त्यांना हात लावू नका.

हायडेलबर्गी

तेल २१५ म्हणजे १०२ सेल्सियस. लायकमिंगला २४५ फॅरनहाइटपर्यंत परवानगी आहे, म्हणजे उन्हाळ्याला जागा आहे. तरी कूलर आणि बॅफलच्या मध्ये सील आहे का ते बघितलंत का? कूलरच्या चौकटीच्या कडेने गळलेली हवा कूलरमधून जात नाही. व्हर्नाथर्म, म्हणजे तेलाला कूलरकडे वळवणारा थर्मोस्टॅट, गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघता येतो. तो ८५ सेल्सियसच्या सुमाराला पूर्ण लांबायला हवा, आणि त्याच्या टोकावर बसल्याची गोल खूण सगळीकडून सारखी हवी. अर्धीच खूण असेल तर गरम तेल कूलरला वळसा घालून तसंच परत जातंय.

आकाशदिवा (डॅलस)

व्हर्नाथर्म काढला. लांबतो व्यवस्थित, खूण पूर्ण गोल आहे. कूलरच्या कडेला सील नव्हताच; आता फोमची पट्टी नको म्हणून सिलिकॉनचीच लावली. त्यानंतर त्याच चढाईत तेल २०५.

जमिनीवरचा एक प्रश्न उरतो. आमच्या विमानतळावर कधी कधी रनवेपाशी खूप वेळ थांबावं लागतं. तेव्हा हेडं ३५० पर्यंत चढतात आणि तिथूनच चढाई सुरू करायची म्हणजे सुरुवातच वरून होते.

पर्थवासी

थांबताना नाक वाऱ्यात ठेवा, शक्य तेवढं. पाठीवर वारा असेल तर खालच्या फटीतून गरम हवा उलटी आत शिरते. आरपीएम वाढवून थंड करायचा प्रयत्न करू नका; उभ्या विमानात प्रॉपेलरच्या मुळाशी हवा फारशी ढकलली जात नाही, उष्णता मात्र वाढते. मागे इंजिन असलेल्या लाँग-ईझीसारख्या विमानांना तर हा झोतही मिळत नाही. तिथले लोक रनवे मोकळा होईपर्यंत इंजिनच चालू करत नाहीत. तुम्हीही दहा मिनिटं थांबावं लागणार हे दिसत असेल तर इंजिन बंद करा. मात्र परत चालू करताना कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तापलेलं असेल, त्याची तयारी ठेवा.

ओझरकर

दोन कामं राहिलीत, विसरू नका. तिसरा सिलिंडर बरेच दिवस ४४० ला गेलेला आहे. त्याची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का याची चाचणी) घ्या आणि प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा. चकतीवरचा रंग मध्यापासून कडेपर्यंत गोल, सारखा हवा. एका बाजूच्या कडेला वेगळाच पट्टा दिसला तर फोटो इथे टाका. आणि नवे सील बसायला थोडी उड्डाणं लागतात, तेव्हा पुढच्या ऑइल बदलाला काउलिंग निघेल त्या वेळी घासल्याची रेघ परत तपासा. उजव्या तोंडामागचा उतार आधी.

आकाशदिवा (डॅलस)

शनिवारी कॉम्प्रेशन टेस्ट करतो. बोअरस्कोप एका मित्राकडून मिळतोय. व्हॉल्व्हचे फोटो आले की टाकतो.